परमुलखाचा मजूर आणि आपली संघटना



मागच्या बैठकीत एक प्रश्न निघाला आणि त्याचं उत्तर न होताच बैठक उठली. प्रश्न सगळ्यांना ठाऊक आहे. सपाटीवरचे बागायतदार कापूस वेचायला नि ऊस तोडायला मध्य प्रदेशातून माणसं आणतात. बडवानी, सेंधवा, पानसेमलकडली बारेला माणसं, बायका-पोरांसकट ट्रकमधून रातोरात उतरवतात. आपण ज्या भावाखाली कामाला जायचं नाही असं गावोगाव ठरवतो, त्याच्याही खालच्या भावात ती काम करतात. तेव्हा काही साथींचं म्हणणं पडलं की संघटनेनं नाक्यावर उभं राहावं आणि ट्रक आल्या वाटेनं परत पाठवावेत. बाकीचे गप्प बसले. गप्प बसणाऱ्यांत पुष्कळ जण मनातून तेच म्हणत होते, हे तोंडावरून दिसत होतं.

माझं मत उलट आहे. ते इथं लिहून मांडतो. कुणाला पटलं नाही तर पुढच्या अंकात त्यानं आपलं लिहावं, लिहिता येत नसेल तर सांगून लिहून घ्यावं.

पहिली गोष्ट कबूल केली पाहिजे. तक्रार खोटी नाही. सालदारांनी आणि रोजंदारीवाल्यांनी १९७२ पासून शहाद्याकडं जी संघटना बांधली, मार खाल्ला, जेलात गेले, त्यातून मजुरीचा भाव थोडा वर आला. तो भाव पाडायला परगावचा मजूर वापरला जातो, हे खरं आहे. पोटावर पाय आला की माणूस रागावतो. पण राग कुणावर काढायचा याचा विचार थंड डोक्यानं करावा लागतो. भाव कुणी ठरवला? ट्रकचं भाडं कुणी भरलं? ट्रकमधून उतरलेल्या बाईनं तर भाव विचारलाही नसेल. तिच्या नवऱ्यानं आखाजीच्या टायमाला उचल घेतली, त्या उचलीपायी ती आली.

आणि आता आपल्याकडं बघू. दसरा झाला की अक्राणी, अक्कलकुव्यातले पाडेच्या पाडे ओस पडतात. म्हातारी माणसं नि कुत्री तेवढी राहतात. आपली माणसं जातात कुठं? डोंगर उतरून गुजरातेत, बारडोली, मढी, चलथाणच्या भागात, ऊसतोडीला. तिथं आपणच परमुलखाचे. तिथल्या मजुराच्या डोळ्यानं पाहिलं तर भाव पाडायला ट्रकमधून उतरलेली ती माणसं म्हणजे आपण. बडवानीवाल्याला जे बोलतो, तेच तिकडं कुणी आपल्याला बोललं तर कसं लागेल?

यान ब्रेमन नावाचे हॉलंड देशातले एक अभ्यासक आहेत. दक्षिण गुजरातेतल्या मजुरांत ते पुष्कळ वर्षं फिरले. बारडोलीकडच्या सहकारी साखर कारखान्यांच्या तोडणी मजुरांवर त्यांचा लेख १९७८ साली छापून आला. त्यात आपल्याच खानदेशातल्या माणसांची हकिगत आहे. त्यातली एक गोष्ट प्रत्येक पाड्यावर सांगण्यासारखी आहे. त्या भागात हळपती नावाचा भूमिहीन समाज मोठ्या संख्येनं आहे. पूर्वी त्यांना दुबळा म्हणत. पिढ्यान् पिढ्या ते जमीनवाल्यांच्या घरी हाळी म्हणून, म्हणजे कर्जापोटी बांधलेले गडी म्हणून राबले. आजही शेतमजुरी हेच त्यांचं पोट. म्हणजे ऊस ज्या शेतात उभा आहे, त्याच्या बांधाला हळपतींची झोपडी आहे. हाताला काम पाहिजे म्हणून ते बसलेत. तरी ऊस तोडायला त्यांना घेत नाहीत. लांबून आपल्याला आणतात. आणि त्या हळपतींतले किती तरी लोक त्याच हंगामात घरदार सोडून मुंबईच्या बाजूला वीटभट्टीवर नि मिठागरात जातात.

आता सांगा, ह्याला काय म्हणायचं? गावात मजूर असताना बाहेरून आणायचा, आणि गावच्या मजुराला बाहेर पाठवायचं. वेडेपणा वाटतो. पण मालकाच्या हिशेबानं यात वेडेपणा काहीच नाही.

जो मजूर आपल्या गावात राहतो, त्याला रात्री दोन वाजता ट्रक भरायला उठवता येत नाही. तो म्हणतो, सकाळी येईन. पोर आजारी पडलं तर घरी बसतो. भाव पटला नाही तर दुसऱ्याकडं जातो, नाही तर नातलगाकडून पायलीभर दादर आणून चार दिवस काढतो. चार जण जमून बोलतात. परमुलखातून आणलेल्याला यातलं काही करता येत नाही. तो शेताकडेच्या कोपीत राहतो, दिवस-रात्र हाताशी असतो. गाव ओळखीचं नाही, बोली वेगळी, दुकानदार उधार देत नाही, पोलीस तर त्याला बघूनच चोर समजतो. मजुरी हातात नाही. पंधरवड्याला खावटी मिळते, म्हणजे पोटापुरती ज्वारी नि थोडे पैसे, आणि तेसुद्धा हिशेबात कापून घेतात, वर व्याज. पुरा हिशेब होणार हंगाम सरल्यावर. मध्येच निघून गेला तर सहा महिन्यांची मजुरी बुडाली. होळी आली, सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरला, ढोल वाजायला लागले, तरी आपली माणसं तिकडं कोयता चालवतात. जाऊ देत नाहीत म्हणून, आणि गेलं तर पैसे बुडतात म्हणून.

म्हणजे मालकाला बाहेरचा मजूर पाहिजे, तो जास्त काम जाणतो म्हणून नव्हे. त्याला कुणी नाही म्हणून पाहिजे. आणि एकदा हे ध्यानात आलं की आपल्या प्रश्नाचं उत्तर जवळ येतं. बाहेरच्याला हाकललं तर मालक आणखी लांबून आणील. आज बडवानीचा, उद्या झाबुव्याचा, परवा ओडिशाचा. हिंदुस्थानात भुकेला जिल्ह्यांची कमी नाही. पण त्याच बाहेरच्याला जर कुणी मिळालं, संघटना मिळाली, तर त्याला लांबून आणायचं कारणच संपतं.

हे नुसतं बोलणं नाही. मजुरांच्या युनियनींनी हे करून पाहिलेलं आहे. कधी जमलं, कधी फसलं. दोन्ही सांगतो.

१९२१ सालची गोष्ट. आसामात गोऱ्या साहेबांचे चहाचे मळे. तिथं मजूर आसामातला नव्हता. छोटा नागपूरचे उरांव, मुंडा, संथाळ, शिवाय बिहार, ओरिसा, संयुक्त प्रांतातली गरीब माणसं, दलालांनी गोड बोलून भरती केलेली. करार मोडला तर जेल, असा कायदाच होता १८५९ चा. चारगोळा खोऱ्यातल्या मळ्यांत मजुरी इतकी थोडी की पोट भरेना. त्या वर्षी मे महिन्यात तिथली हजारो माणसं, बाया-पोरं, कामं टाकून निघाली. कुठं? तर मुलुखाला. मुलुख म्हणजे आपलं गाव. आपल्याकडं अजूनही तोच शब्द आहे बघा.

चालत, मिळेल तिथं गाडीनं, ती चांदपूरला पोचली. तिथून मोठी नदी बोटीनं ओलांडायची. पण पुढं जाऊ देईनात. मळेवाल्यांचं नि सरकारचं एकच म्हणणं, यांना परत मळ्यावर पाठवा. माणसं स्टेशनात पडून राहिली. २० मेच्या रात्री गुरखा शिपाई आणले आणि झोपलेल्या माणसांना, बाया-लेकरांना मारून बाहेर काढलं. त्यात पटकीची साथ लागली आणि माणसं मेली.

आणि मग आसाम-बंगाल रेल्वेच्या कामगारांनी संप केला. बोटीवरच्या खलाशांनीही केला. रेल्वेवाल्यांची स्वतःची मागणी त्या वेळी पुढं नव्हती. चहाच्या मळ्यातला कुली ना त्यांच्या जातीचा, ना त्यांच्या भाषेचा, ना त्यांच्या युनियनचा. तरी त्यांनी गाड्या थांबवल्या. चित्तगावचे जतींद्र मोहन सेनगुप्ता यांनी त्या संपाचं पुढारीपण केलं. गांधीजींना हा संप पसंत नव्हता. दुसऱ्याच्या दुःखासाठी असा संप करू नये, असं त्यांनी म्हटलं. संप शेवटी मोडला. पुष्कळ रेल्वे कामगारांच्या नोकऱ्या गेल्या.

गोष्ट हरलेल्या संपाची आहे. मला मात्र ती जिंकलेल्या पुष्कळ संपांपेक्षा मोठी वाटते. ज्याची नोकरी पक्की, ज्याला क्वार्टर होतं, त्यानं ती नोकरी अशा माणसासाठी पणाला लावली ज्याच्याकडून त्याला काही परत मिळणार नव्हतं. कुलींना पुढं आपल्या मुलखाला जाता आलं. आणि करार मोडला तर जेल हा कायदा काही वर्षांत उठला. एका संपानं उठला असं मी म्हणत नाही, पण ओरड झाल्याशिवाय कुठला कायदा उठतो?

दुसरी गोष्ट लांबची आहे, पण ऐका, कारण ती थेट आपल्या प्रश्नाची आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया नावाचं राज्य आहे. तिथं डिलानो गावाच्या भोवती द्राक्षाचे मोठमोठे मळे. मळ्यात राबायला फिलिपाईन बेटांवरून आलेली माणसं आणि शेजारच्या मेक्सिको देशातून आलेली माणसं. मळेवाले दोघांना वेगवेगळ्या छावण्यांत ठेवत. फिलिपिनोंनी काम बंद केलं की मेक्सिकन आणायचे, मेक्सिकनांनी केलं की फिलिपिनो. ही युक्ती त्यांनी पुष्कळ वर्षं चालवली. आपल्या बागायतदारांनी ती कुठल्या पुस्तकातून शिकलेली नाही, जिथं मळा तिथं ती आपोआप उगवते.

१९६५ साली ८ सप्टेंबरला लॅरी इटलियाँग यांच्या पुढारीपणाखाली फिलिपिनो मजुरांनी द्राक्षाची तोडणी बंद केली. मागणी, तासाला १ डॉलर ४० सेंट. तेवढा भाव त्याच वर्षी दुसऱ्या खोऱ्यात मिळाला होता. सगळ्यांना वाटलं, आता मेक्सिकन येणार नि संप मोडणार. मेक्सिकनांची वेगळी संघटना होती, सीझर चावेझ आणि डोलोरेस ह्युएर्टा यांची. ती नवी होती, पैसा नव्हता, इतक्यात संप करायचा त्यांचा विचार नव्हता. पण इटलियाँगनं जाऊन विचारलं, तुम्ही आमच्या बरोबर का मालकाबरोबर? १६ सप्टेंबरला मेक्सिकनांनी एका चर्चमध्ये सभा घेतली आणि संपात उतरायचं ठरवलं. पुढच्या वर्षी दोन्ही संघटना एक झाल्या. संप पाच वर्षं चालला. शहरातल्या लोकांनी द्राक्षं घेणं बंद केलं. १९७० च्या जुलैत मळेवाल्यांनी युनियनशी करार केला.

इथवर सांगून थांबलो तर ऐकायला छान वाटेल. पण पुढचंही सांगितलं पाहिजे. करार संपल्यावर मळेवाल्यांनी दुसऱ्या एका युनियनला हाताशी धरलं आणि मजुरांना न विचारता तिच्याशी करार केले. पुन्हा संप झाला. या वेळी संप मोडायला त्यांनी मेक्सिकोतून कागदपत्रांशिवाय सीमा ओलांडून आलेली नवी माणसं वापरली. तेव्हा याच युनियननं १९७४ साली त्या माणसांची नावं सरकारला कळवायला, त्यांना पकडून परत पाठवा म्हणून सांगायला सुरुवात केली. म्हणजे काल सीमा ओलांडून आलेल्यानं आज आलेल्याला पोलिसाच्या ताब्यात द्यायचं. युनियनच्या स्वतःच्या माणसांनी नि मित्रांनी ओरड केली की हे काय चाललंय, हे तर आपलेच काका-मामा. मळ्यात राबणाऱ्यांत कागद नसलेले पुष्कळ होते, संघटनेत येऊ शकणारे तेच. शेवटी चावेझना भूमिका बदलावी लागली.

नाक्यावर ट्रक अडवा म्हणणाऱ्या साथींनी हा भाग नीट वाचावा. चावेझ काही मालकाचा माणूस नव्हता. संपाच्या रागात त्यालाही तेच वाटलं जे आपल्याला वाटतंय.

मुंबईचंही उदाहरण आहे. गिरणीतला मजूर कोण? कोकणातला, घाटावरचा, उत्तरेतला. सगळेच गाव सोडून आलेले. १९२८ साली दीड लाखाच्या आसपास गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. इतके दिवस खाल्लं काय? पुष्कळ जण सरळ गावी निघून गेले. घरची भातखाचरं होती, नाचणी होती, भाऊबंद होते. १९८२ च्या संपातही तेच झालं. गावाकडून धान्याची पोती आली. आपल्या चळवळीनं यातून जे शिकायचं ते हे की गावाकडची जमीन ही मजुराची संपाची शिदोरी असते. ज्याच्याकडं ती नाही, त्याचा संप आठवड्यात मोडतो.

त्याच मुंबईत १९६६ नंतर शिवसेना आली. बाहेरचे हाकला, नोकऱ्या मराठी माणसाला, असं सांगत. मद्राशांची दुकानं फोडली, नंतर लाल बावट्याच्या युनियनींवर हल्ले झाले. कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा १९७० च्या जूनमध्ये खून झाला, तो मराठीच होता. मजूर मजुरात फूट पडली त्याचा फायदा कुणाला झाला, ते गिरणगावात जाऊन विचारावं. आमच्या एक-दोन शिकलेल्या पोरांना ही भाषा आवडायला लागली आहे, म्हणून लिहितो.

आता कायद्याचं. कायदा होता, बरं का. १९७९ साली केंद्र सरकारनं आंतरराज्य स्थलांतरित मजुरांसाठी कायदा केला. १९८० च्या २ ऑक्टोबरपासून २०२५ पर्यंत तो लागू होता. ठेकेदारानं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाच किंवा जास्त मजूर नेले की हा कायदा लागायचा. ठेकेदाराकडं लायसन लागायचं. प्रत्येक मजुराला फोटो लावलेलं पासबुक द्यावं लागायचं, त्यात काम कुठं, किती दिवस, भाव काय, कापलं किती, हे सगळं लिहावं लागायचं. जाण्या-येण्याचं भाडं ठेकेदारानं द्यायचं, आणि प्रवासातल्या दिवसांची मजुरीही. घर सोडल्याबद्दल महिन्याच्या मजुरीच्या निम्मे किंवा ७५ रुपये, जे जास्त असेल ते, वेगळे द्यायचे, ते परत मागायचे नाहीत. राहायला जागा, औषधपाणी फुकट. तिथल्या मजुराला त्याच कामाचा जो भाव, तोच बाहेरच्याला. ठेकेदारानं बुडवलं तर मूळ मालकानं द्यायचं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, काम संपलं की ठेकेदाराचं मजुरावरचं कर्ज उरत नव्हतं. उरलं तर ते बुडालं असं कायदा म्हणायचा. म्हणजे या सालचं फिटलं नाही म्हणून पुढच्या साली परत चल, हे बेकायदा आहे.

आपल्यातल्या किती जणांनी असं पासबुक डोळ्यानं पाहिलंय? आपल्या भागात तरी कुणी दाखवलेलं नाही. कारखाना म्हणतो, तोडणीवाले आमचे मजूर नाहीतच, ते मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी तर तुमच्यासारखाच गरीब.

दिल्लीत आशियाई खेळांच्या वेळी हेच झालं. मोठमोठी स्टेडियमं नि पूल बांधायला राजस्थान, उत्तर प्रदेश, ओरिसातून मजूर नेले. किमान मजुरी दिवसाला ९ रुपये २५ पैसे. ठेकेदार ती जमादाराच्या हातात द्यायचा आणि जमादार माणशी रुपया काढून घ्यायचा. मजुराला ८ रुपये २५ पैसे. स्थलांतरितांचा कायदा देशात लागू झाला होता, पण दिल्लीत त्याचे नियमच जून १९८२ पर्यंत झाले नव्हते. लोकशाही हक्काच्या एका संघटनेनं नुसतं पत्र लिहून सुप्रीम कोर्टाला कळवलं. १९८२ च्या सप्टेंबरात कोर्टानं निकाल दिला की किमान मजुरीपेक्षा कमी देऊन काम घेणं म्हणजे वेठबिगार, आणि वेठबिगार घटनेनं बंद केली आहे. भूक माणसाला जी जबरदस्ती करते, तीही जबरदस्तीच, असा त्याचा अर्थ. पुढं १९८३ च्या डिसेंबरात फरीदाबादच्या दगडखाणींतल्या परप्रांतीय मजुरांबद्दल बंधुआ मुक्ती मोर्चानं नेलेल्या केसमध्ये कोर्टानं आणखी पुढं जाऊन सांगितलं की वेठबिगार शोधून सोडवणं आणि त्यांना पुन्हा उभं करणं हे सरकारचं काम आहे.

निकाल चांगले आहेत. पण निकालाचा कागद ट्रकच्या मागं धावत नाही. लेबर ऑफिसर तालुक्याला कधी येतो ते कुणाला माहीत नाही. आणि त्या कायद्याला एक भोकही होतं. तो दोन राज्यांच्या मधल्या मजुराला लागायचा. आपला माणूस गुजरातेत गेला तर लागायचा, नाशिक-नगरकडं गेला तर लागत नव्हता. पण बडवानीहून आपल्याकडं आलेल्या माणसांना मात्र लागायचा. त्यांचा ट्रक अडवायचाच असेल तर संघटनेनं मुकादमाला जाब विचारावा. ट्रकमधल्या माणसांना परत पाठवायचं नाही, त्यांना उतरवून घेऊन पाणी द्यायचं आणि भाव सांगायचा. यानं बागायतदाराची जितकी पंचाईत होईल तितकी ट्रक परत पाठवल्यानं होणार नाही.

आता एक कडू गोष्ट. आपल्याला गुजरातेत नेणारा मुकादम कोण? परका नाही. आपल्याच पाड्याचा, आपल्याच कुळातला, कुणाचा मामा, कुणाचा साडू. काही जण तर मोर्च्यात आपल्या पुढं चालतात, घोषणा देतात. त्यांच्यावर कारखान्याचा दाब असतो हे मला माहीत आहे. कारखाना उचलीचे पैसे त्यांच्या अंगावर टाकतो, माणसं पळाली तर त्यांची वसुली होते. सगळे वाईट नसतात. कुणी अडीअडचणीला पैसे देतो, बाळंतपणाला गाडी करतो. तरीपण माझं मत असं की ज्याच्या वहीत गावच्या माणसांची उचल लिहिलेली आहे, त्यानं गावच्या कमिटीत बसू नये. वही ठेवावी नाही तर कमिटी ठेवावी. ज्याचे आपण देणेकरी, त्याच्यासमोर आपण भावाचं कसं बोलणार? हे लिहिल्याबद्दल काही जण माझ्यावर रागावतील. रागावू देत.

काही जण म्हणतील, आपली चळवळ जंगलजमिनीची. पट्ट्याचं काम अर्धं पडलंय, हे मजुरीचं लचांड कशाला? तर त्याचं असं आहे. सरकारनं १९७८ पर्यंतची वहिवाट धरून अतिक्रमणं कायम करायचं म्हटलं. चौकशीला माणसं कधी येतात? हिवाळ्यात, उन्हाळ्यात. तेव्हा खेडणारा कुठं? गुजरातेत ऊस तोडतोय. पंचनाम्यात लिहिलं जातं, जागेवर कुणी नाही. परत येईतो झोपडी जाळलेली, चर खणलेला, सागाची रोपं लावलेली. ज्या घरांनी दर वर्षी सहा-सात महिने बाहेर काढले, त्यांचीच नावं पट्ट्याच्या यादीतून जास्त गळाली आहेत, हे आपल्या वह्या काढून बघा. आणि उलटंही खरं आहे. ज्याच्या नावावर तीन एकर आले, पावसाळ्याची ज्वारी-मोर घरात आली, तो आखाजीला उचल घेताना दोनदा विचार करतो, नाही तर निदान भाव विचारतो. रोजगार हमीचंही तसंच. पन्नास माणसांनी दसऱ्याच्या आधी नाव नोंदवून काम मागितलं, तर पंधरा दिवसांत काम द्यावं लागतं. पण पन्नास माणसं गावात असायला तर पाहिजेत.

बडवानीकडल्या माणसाच्या घरीही हेच असणार. त्याचंही जंगलखातं, त्याचाही नाकेदार, त्याचीही मोहाची झाडं. मध्ये राज्याची शिंव आहे, ती साहेबांनी नकाशावर काढलेली. सातपुड्याला ती माहीत नाही. आपल्या बायकांची माहेरं तिकडं आहेत.

म्हणून माझी सूचना अशी. या हंगामात सपाटीवर जी बाहेरची माणसं उतरतील, त्यांना संघटनेचं सभासद करून घ्यावं. वर्गणी किती घ्यायची यावर वाद होईल. काही म्हणतात अर्धी घ्या, ती सहाच महिने असतात. मी म्हणतो पूर्ण घ्या, पण हंगामाच्या शेवटी, हिशेब झाल्यावर. फुकट सभासद करू नये, फुकटच्या सभासदाला कुणी विचारत नाही. भाव एकच सांगावा, इथल्याला नि तिथल्याला. बोली त्यांची-आपली जवळची आहे, दुभाषा नको. बायकांनी बायकांशी आधी बोलावं. बापे लोक आधी दारू किती नि मुकादम कोण हेच विचारत बसतात.

आणि जाणाऱ्यांसाठी. या वर्षी प्रत्येक पाड्यात एक वही ठेवावी. कोण घर कोणत्या मुकादमाबरोबर गेलं, उचल किती घेतली, टनाला भाव काय ठरला, कुठल्या कारखान्याकडं, बरोबर पोरं किती. शाळेतल्या पोरानं लिहावी, गावानं ऐकावी, मुकादमानं खाली सही किंवा अंगठा करावा. करत नसेल तर तसं लिहून ठेवावं. पौषात दोन-तीन साथींनी बारडोलीकडं जाऊन कोप्यांतून फिरून यावं. खर्चाला संघटनेकडं पैसे नाहीत हे मला माहीत आहे, ज्या पाड्यांची माणसं तिकडं आहेत त्यांनी घरटी पायली-पायली दादर काढावी.

जे जातील त्यांनी नुसतं आपल्या माणसांना भेटून परत येऊ नये. हळपतींच्या वस्तीतही जावं. ऊस त्यांच्या दारात उभा आणि तो तोडायला आपण, याबद्दल त्यांना काय वाटतं ते आपण आजवर कधी विचारलेलं नाही. शिव्या मिळतील कदाचित. त्या ऐकून घ्याव्यात, आणि तरी बसावं. त्यांच्यात कोण बोलका आहे, कुणाला सांगितलं तर रात्री-अपरात्री आपल्या बाईला दवाखान्यात न्यायला मदत होईल, एवढी दोन-चार नावं जरी वहीत आली तरी पुढच्या हंगामाला पुष्कळ झालं.